स्ट्रेंग्थ ८५, क्वालिटी शून्य

गच्चीवरून डिश फिरवणारा ओरडतो, "किती दाखवतंय?" खालून उत्तर जातं, "पंच्याऐंशी!" वरचा खूश होऊन नट आवळतो, खाली उतरतो आणि बघतो तर पडद्यावर एकही चॅनल नाही. खालच्याने आकडा बरोबर वाचलेला असतो, फक्त पट्टी दुसरीच वाचलेली असते.

सेटटॉप बॉक्सच्या इन्स्टॉलेशन मेनूत दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. केबलमधून बॉक्सपर्यंत एकूण किती ताकद पोचते, एवढंच स्ट्रेंग्थ सांगते. त्यात सिग्नल किती आणि गोंगाट किती, हे तिला कळत नाही. डिशच्या तोंडाशी असलेला एलएनबी येईल ते ५० ते ६० डीबीने, म्हणजे एक लाख ते दहा लाख पट वाढवून खाली पाठवतो. उपग्रह असो वा नसो, गोंगाट तर वाढतोच. डिशचं तोंड शेजारच्या भिंतीकडे केलंत तरी ही पट्टी भरलेली दिसेल, कदाचित जास्तच भरेल. कारण गार आकाशापेक्षा तापलेली भिंत जास्त गोंगाट करते.

क्वालिटीचं तसं नाही. बॉक्सला दिलेल्या फ्रिक्वेन्सीवर, दिलेल्या सिम्बॉल रेटचा (सेकंदाला ठरावीक चिन्हांचा) प्रवाह खरोखर सापडला, तो लॉक झाला, म्हणजे पक्का पकडता आला, आणि त्यातल्या चुका मोजता आल्या, तरच ती पट्टी हलते. म्हणून डिश फिरवताना बघायची ती क्वालिटीच. स्ट्रेंग्थचा उपयोग दोनच ठिकाणी. ती शून्य असेल तर केबल तुटली आहे, कनेक्टर निघाला आहे, एलएनबी मेला आहे किंवा मेनूत एलएनबी पॉवर बंद आहे. ती भरपूर असून क्वालिटी शून्य असेल तर तारा जिवंत आहेत, पण डिश भलतीकडे बघते आहे किंवा मेनूतला एखादा आकडा चुकला आहे.

आणखी एक. या पट्ट्यांच्या टक्क्यांना कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीच्या बॉक्सवरचे ७० म्हणजे दुसरीच्या बॉक्सवरचे ४५ असू शकतात. मीटरवर डीबीमध्ये सी/एन किंवा एमईआर, म्हणजे गोंगाटापेक्षा सिग्नल किती वर आहे ते सांगणारा आकडा, दिसत असेल तर तोच धरा. डीव्हीबी-एस ही उपग्रहावरून डिजिटल टीव्ही पाठवण्याची जुनी पद्धत. तिच्यात ३/४ एफईसीला, म्हणजे चार बिटांत एक चुका दुरुस्त करण्यासाठी राखलेला असताना, साधारण ७ डीबी लागतात. नव्या डीव्हीबी-एस२ मध्ये क्यूपीएसके (एका चिन्हात दोन बिट) ३/४ ला ४ च्या आसपास, तर ८पीएसके (एका चिन्हात तीन बिट) ३/४ ला जवळपास ८ लागतात. त्याच्यावर जे उरेल ती पावसासाठीची शिल्लक. ॲनालॉगच्या काळात सिग्नल उतरू लागला की आधी थोड्या मुंग्या दिसायच्या, मग जास्त, आणि तरी बातम्या ऐकू यायच्या. डिजिटलमध्ये मुंग्या नाहीत. शिल्लक संपेपर्यंत चित्र चकचकीत, अर्धा डीबी खाली गेलं की चौकोन फुटतात आणि पुढच्या अर्ध्याला पडदा काळा. त्यामुळे "चित्र छान येतंय" हा डिश नीट बसल्याचा पुरावा नव्हे.

आता मेनू ओळीओळीने घेऊ. उदाहरण डीडी फ्री डिशचं, कारण तिथे बॉक्स कुठलाही चालतो आणि आकडे स्वतःच भरावे लागतात. पैसे भरून घेतलेल्या डीटीएचच्या बॉक्समध्ये हेच आकडे आधीच भरून कुलूपबंद केलेले असतात.

पहिली ओळ सॅटेलाइट. जीसॅट-१५, ९३.५ पूर्व. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून सुटला. ९३.५ म्हणजे विषुववृत्तावरचा रेखांश. निकोबार बेटांच्या दक्षिणेला, समुद्राच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर तो पृथ्वीच्या वेगानेच फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी दिसतो. महाराष्ट्रातून तो आग्नेयेला, म्हणजे वास्तूवाले स्वयंपाकघर सांगतात त्या कोपऱ्यात. नेमकं सांगायचं तर उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन पुण्यात १३२ अंश, मुंबईत १३१, नागपुरात १४४.५ आणि पणजीत १२७. क्षितिजापासूनची उंची पुण्यात ५९ अंशांच्या जरा खाली, मुंबईत ५७.५, नागपुरात ६० आणि पणजीत ६१. कंपास वापरताना लोखंडी पाइपापासून आणि गच्चीच्या सळ्यांपासून दोन-तीन मीटर लांब उभे राहा, नाहीतर सुई पंधरा-वीस अंश सहज खोटं बोलते.

उंचीच्या बाबतीत हमखास घोळ होतो. घरची डिश ऑफसेट जातीची असते. एलएनबी मध्यावर नसून खालच्या दांडीवर असतो, आणि डिशचं तोंड जिकडे दिसतं त्याच्यापेक्षा साधारण २० ते २५ अंश वरून ती सिग्नल घेते. म्हणून ५९ अंशांसाठी पुण्यातली डिश जेमतेम ३५ अंश मागे रेललेली दिसते. "समोर तर झाड आहे, सिग्नल कसा येतो?" याचं उत्तर हेच. समोरचं बुटकं झाड आड येत नाही, वरून झुकलेली नारळाची झावळी मात्र येते. क्लॅम्पच्या बाजूला छापलेले अंश बहुतेक वेळा ऑफसेट धरूनच छापलेले असतात, पण ते खरे ठरतात पाइप ओळंब्यात असेल तरच. दोन बाजूंनी लेव्हल लावून पाइप सरळ करायला पाच मिनिटं लागतात. तिरक्या पाइपावर डिश डावी-उजवीकडे फिरवली की उंचीही बदलते, आणि मग संध्याकाळपर्यंत फिरवत बसायचं.

किती हलवलं म्हणजे किती फिरलं याचा अंदाज हातात हवा. ३८ मिलिमीटरच्या पाइपाचा घेर १२० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पाइपावर एक अंश म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. नट सैल करून डिशला "जरा इकडे" म्हणून ढकलली की दहा अंश सहज जातात. पाइपावर आणि क्लॅम्पवर मार्करने एकच उभी रेघ ओढा आणि रेघांमधलं अंतर बघत सरका. दर सरकवण्यानंतर दोन-तीन सेकंद थांबा, कारण बॉक्सला लॉक व्हायला वेळ लागतो. क्वालिटी आली की सर्वोच्च आकडा शोधत बसू नका. डावीकडे नेऊन ती कुठे पडते तिथे खूण करा, उजवीकडे कुठे पडते तिथे दुसरी, आणि डिश दोन खुणांच्या बरोबर मध्ये आणा. मग उंचीसाठी तेच. आवळताना नट आळीपाळीने आवळायचे. एकच बाजू पिळून घट्ट केली की शेवटच्या दोन आट्यांत डिश मान वळवते.

६० सेंटिमीटरच्या डिशचा झोत सुमारे तीन अंश रुंद असतो, आणि शेजारी फार जवळ आहेत. ९१.५ वर मीसॅट, ९५ वर डिश टीव्हीचा उपग्रह, जरा पलीकडे ८८ वर डीटूएचचा. बाजारातला स्वस्त सॅटफाइंडर यांतल्या कुणालाही बघून तितक्याच आनंदाने चिवचिवतो. तो उपग्रह ओळखत नाही, ताकद मोजतो. म्हणजे खिशातली स्ट्रेंग्थची पट्टीच.

दुसरी ओळ एलएनबी टाइप. इथे युनिव्हर्सल, किंवा ९७५०/१०६०० निवडायचं. हे आकडे कशाचे? उपग्रहाकडून येणारी ११ गिगाहर्ट्झच्या आसपासची लहर केबलमधून उतरवली तर वाटेतच मरेल. म्हणून एलएनबीच्या आत एक ऑसिलेटर असतो. त्याची फ्रिक्वेन्सी वजा करून उरलेला आकडा केबलने खाली येतो, आणि तो बॉक्सच्या ट्यूनरच्या ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात बसावा लागतो. फ्री डिशचा ११०९० चा टीपी घ्या. ११०९० वजा ९७५०, उरले १३४०. बसला. आता मेनूत चुकून २२के ऑन ठेवलंय असं धरा. २२ किलोहर्ट्झचा हा सूर केबलमधूनच वर जातो आणि एलएनबीला सांगतो की वरचा ऑसिलेटर, म्हणजे १०६००, वापर. ११०९० वजा १०६००, उरले ४९०. ट्यूनरच्या पट्ट्याबाहेर. डिश केसाएवढीही हललेली नाही, स्ट्रेंग्थ जागच्या जागी आणि क्वालिटी शून्य. युनिव्हर्सल एलएनबीत वरचा ऑसिलेटर ११७०० च्या पुढच्या फ्रिक्वेन्सींसाठी असतो. फ्री डिशसाठी २२के ऑफ किंवा ऑटो ठेवा. काही बॉक्स कारखान्यातून ५१५० लावून येतात. तो सी बँडचा आकडा, केबलवाल्यांच्या मोठ्या जाळीच्या छत्रीचा. तो आधी बदला.

तिसरी ओळ टीपी, म्हणजे ट्रान्सपॉन्डर. उपग्रहावरचा हा एकेक स्वतंत्र रस्ता, आणि एका रस्त्यावरून दहा-वीस चॅनल एकत्र बांधून येतात. लिहिण्याची पद्धत ठरलेली आहे: ११०९० व्ही २९५००. फ्रिक्वेन्सी मेगाहर्ट्झमध्ये, मग पोलॅरिटी, म्हणजे लहर उभी (व्ही, व्हर्टिकल) की आडवी (एच, हॉरिझॉन्टल), मग सिम्बॉल रेट. फ्री डिशचे ११०९०, १११७०, ११४७० आणि ११५७० हे टीपी व्हर्टिकल आणि २९५०० चे. प्रसार भारती स्लॉट बदलते तशी यादी बदलते, तेव्हा नवीन यादी ताडून घ्या. पण डिश फिरवायला एक चालू टीपी पुरतो.

पोलॅरिटी बॉक्स व्होल्टेजने बदलतो. १३ व्होल्टला व्हर्टिकल, १८ व्होल्टला हॉरिझॉन्टल. तेव्हा उपग्रहावरचे सगळे एच टीपी गेले आणि व्ही चालू आहेत असं दिसलं तर डिशला हात लावू नका. बॉक्स १८ व्होल्ट देत नाही, किंवा गंजलेल्या जोडावर व्होल्टेज पडतंय. मल्टिमीटर लावून एलएनबीच्या टोकाशी मोजा. मोजताना केबलची जाळी आणि मधली तार एकमेकींना टेकवू नका, बॉक्सचा पुरवठा जळतो. शहाणपणाची गोष्ट म्हणजे एलएनबीचा कनेक्टर लावताना-काढताना बॉक्सचा प्लगच काढून ठेवायचा, रिमोटने बंद करून भागत नाही. स्टँडबायमध्येही कित्येक बॉक्स केबलवर व्होल्ट सोडून ठेवतात.

पोलॅरिटीचाच सख्खा भाऊ म्हणजे स्क्यू, एलएनबीची स्वतःभोवतीची मुरड. मेनूत ही ओळ नसते, म्हणून विसरली जाते. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसला की त्याची उभी लहर आपल्याला तिरपी दिसते. आपला उपग्रह पूर्वेकडे आहे. तेव्हा डिशच्या मागे, उपग्रहाकडे तोंड करून उभं राहिलं की एलएनबी घड्याळाच्या उलट फिरवायचा. डिश जुळवायचं मोबाइल ॲप जो कोन सांगतं तो सुरुवात म्हणून घ्या, काही उपग्रहांची पोलॅरिटी मुळातच थोडी कललेली असते. दिशा आणि उंची पक्की झाल्यावर एलएनबीचा क्लॅम्प किंचित सैल करून पाच-पाच अंशांनी फिरवा आणि क्वालिटी बघा. स्क्यू चुकलं तर व्हर्टिकलमध्ये हॉरिझॉन्टलचा गोंगाट मिसळतो आणि एरवी पावसाला पुरली असती ती शिल्लक खातो. कोरड्या दिवशी कळतसुद्धा नाही.

सिम्बॉल रेट म्हणजे दर सेकंदाला किती चिन्हं येतात: २९५०० म्हणजे दोन कोटी पंच्याण्णव लाख. क्यूपीएसकेमध्ये प्रत्येक चिन्ह दोन बिट वाहून आणतं. एफईसी ३/४ याचा अर्थ दर चार बिटांतले तीन कामाचे, चौथा चुका दुरुस्त करण्यासाठीचा. त्यावर रीड-सॉलोमनची २०४ मध्ये १८८ अशी आणखी एक वळकटी. गुणाकार केला तर एका टीपीवर सेकंदाला सुमारे ४०.८ मेगाबिट उरतात, आणि त्यांतच सगळ्या चॅनलांची वाटणी. एखाद्या वाहिनीवर क्रिकेटच्या हिरवळीचा लगदा दिसतो तेव्हा दोष डिशचा नसतो, तिच्या वाट्याला बिट कमी आलेले असतात. बॉक्समध्ये एफईसी ऑटोच ठेवा.

"शेजारी त्याच डिशवर जास्त चॅनल दिसतात" या तक्रारीचं उत्तर बॉक्समध्ये असतं. जुने बॉक्स डीव्हीबी-एस आणि एमपेग-२ (चित्र दाबून लहान करण्याची जुनी पद्धत; एमपेग-४ ही नवी) एवढंच ओळखतात. फ्री डिशवर काही चॅनल एमपेग-४ मध्ये आहेत, आणि डीव्हीबी-एस२ चे टीपी जुन्या ट्यूनरला लॉकच होत नाहीत. आवाज येतो पण चित्र नाही, असं एखाद्याच चॅनलवर होत असेल तर तो एमपेग-४ चा चॅनल एमपेग-२ च्या बॉक्सवर आहे, असा पहिला संशय घ्या. डिश बदलून हे सुटत नाही.

डायसेक ही ओळ एकच डिश असेल तर ऑफ. दोन डिश किंवा दोन एलएनबी एका केबलवर आणायचे असतील तर मध्ये डायसेक स्विच लागतो, १.० जातीच्या स्विचला चार पोर्ट. मेनूतला पोर्ट आणि स्विचवर जिथे केबल लावली तो पोर्ट एकच हवा. स्विचवर १-२-३-४ आणि मेनूत ए-बी-सी-डी लिहिलेलं असतं, तेवढ्याने माणसं चकतात. स्विच पावसात उघडा टांगू नका, तोंडं खाली करून झाकणाखाली बसवा.

आता केबल. आरजी-६, ७५ ओहम. टीव्हीच्या जुन्या अँटेनाची उरलेली केबल लावू नका. चांगल्या आरजी-६ मध्ये १००० मेगाहर्ट्झला शंभर मीटरमागे वीसेक डीबी जातात, २१५० ला तिशीच्या घरात. म्हणून केबल खराब झाली की सगळे टीपी एकदम जात नाहीत, वरच्या फ्रिक्वेन्सीचे आधी जातात. ११०९० चालू आणि ११५७० अडखळतो, तर केबल आणि कनेक्टर तपासा. या ११५७० ला आणखी एक शत्रू आहे. तो केबलमध्ये १८२० वर उतरतो, आणि १८०५ ते १८८० या पट्ट्यात मोबाइलचे टॉवर बोलतात. ११४७० उतरतो १७२० वर, तिथे घरातला मोबाइल बोलतो. केबलची जाळी विरळ असेल किंवा कनेक्टर ढिला असेल तर तो आवाज आत शिरतो, आणि "फोन आला की चित्र फुटतं" ही वेड्यासारखी वाटणारी तक्रार अगदी खरी निघते. उपाय दाट जाळीची केबल आणि घट्ट एफ कनेक्टर. मधली तार कनेक्टरच्या कडेपुढे दोन-तीन मिलिमीटर, आणि जाळीचा एकही केस तिला शिवता कामा नये. केबलमध्ये लावायचा ॲम्प्लिफायर पन्नास मीटरच्या आत घेऊच नका. सिग्नलसोबत गोंगाटही वाढतो, स्ट्रेंग्थ शंभर होते आणि क्वालिटी आहे तिथेच.

पावसाळ्यात दोन वेगळे आजार एकाच नावाने ओळखले जातात. जोराची सर आली, चित्र गेलं, सर ओसरल्यावर काही मिनिटांत आलं, तर ते केयू बँडचं, म्हणजे आपल्या ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचं, दुखणं: पाण्याचे थेंब ही लहर शोषून घेतात. त्यावर औषध म्हणजे नीट जुळवणी, आणि कोकण-गोव्यासारख्या ठिकाणी मोठी डिश. ६० वरून ९० सेंटिमीटर केली की साडेतीन डीबी मिळतात, पण झोत दोन अंशांवर येतो आणि जुळवणी तेवढीच नाजूक होते. उलट, पाऊस थांबून ऊन पडलं तरी दोन-चार तास चित्र येत नसेल तर पाणी आभाळात नाही, तुमच्या कनेक्टरमध्ये आहे. कनेक्टर उघडा. मधली तांब्याची तार काळी-हिरवी पडली असेल तर तेवढा तुकडा कापून नवीन कनेक्टर लावा, ताणून चिकटणारी रबरी टेप गुंडाळा आणि एलएनबीजवळ केबलला खाली झोका द्या, म्हणजे थेंब तिथून गळेल. एलएनबीचं पांढरं टोपणही बघा. उन्हाने ते तडकतं, आत पाणी साचतं, कधी कुंभारीण माशी मातीचं घर करून ठेवते. चाचपलं की तडा हाताला जाणवतो, खालून दिसत नाही.

शेवटी, वर्षातून दोनदा फुकट मिळणारी एक तपासणी. १२-१३ मार्चच्या आणि १ ऑक्टोबरच्या आसपास काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो, आणि त्याच्या गोंगाटाने चित्र काही मिनिटं फुटतं. पुण्यात मार्चमध्ये ते सव्वाअकराच्या सुमारास होतं, ऑक्टोबरमध्ये अकराला पाच-सात मिनिटं कमी असताना. बॉक्स बिघडला म्हणून कुणाला बोलावू नका, गच्चीवर जा. त्या घटकेला सूर्य जिथे आहे तिथेच उपग्रह आहे. डिशच्या पत्र्यावर झावळीची, पाण्याच्या टाकीची किंवा शेजाऱ्याच्या नव्या शेडची सावली पडलेली दिसली, तर तेच अडवतंय. खडूने सावलीची कड आखून ठेवा. झाड छाटायचं की डिश सरकवायची, हे खाली येऊन ठरवता येतं.